चिंधीचा हिशेब: नगर जिल्ह्यातील गोधडीची कहाणी

कर्जतचे ग्रामदैवत संत गोदड महाराज. आषाढातल्या कामिका एकादशीला त्यांच्या रथयात्रेसाठी पंचक्रोशीतून माणसे लोटतात. 'गोदडी' हे गोधडीचेच दुसरे रूप. चिंध्या जोडून केलेल्या पांघरुणाचे नाव एका संताला लाभले आणि गावाने त्याचा रथ ओढला. ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या ही गोधडी शिवली, त्यांची नावे मात्र कोणत्याही दप्तरात शोधून सापडत नाहीत. अहमदनगर जिल्ह्याचा (आताच्या अहिल्यानगरचा) इतिहास या टोकाकडूनही वाचता येतो.

कर्जतचे उदाहरण एकटे नाही. संस्कृतातील 'कंथा' म्हणजे ठिगळे जोडलेले वस्त्र. बंगालची 'काँथा' याच शब्दाची लेक. नाथपंथी जोग्याच्या वेशात शैली, शृंगी, मुद्रा यांच्या जोडीने कंथा येते, आणि पाथर्डी तालुक्यातील मढी हे कानिफनाथांच्या समाधीमुळे नाथपंथाचे मोठे स्थान आहे. शिर्डीला साईबाबांनी निजायची फळी चिंध्यांनीच टांगली होती. निमोणच्या नानासाहेब डेंगळ्यांनी आणलेली ती फळी चार हात लांब आणि जेमतेम वीतभर रुंद होती. जुन्या चिंध्यांनी आढ्याला बांधलेल्या या झोपाळ्याची गोष्ट 'श्रीसाईसच्चरिता'त आहे. जिल्ह्याबाहेर पाहिले तर गाडगे महाराज. कुठे त्यांना चिंधेबुवा म्हणत, कुठे गोधडे महाराज.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. चिंधी पुरुषाच्या अंगावर आली आणि ती त्याने स्वखुशीने स्वीकारली, म्हणून ती वैराग्याची खूण ठरली. घरात तीच चिंधी गरजेपोटी जोडली जात होती, आणि तिथे तिला काहीच नाव नव्हते.

वास्तविक घरात चिंधी वाया कधी जातच नसे. लुगडे फाटले की त्याचा चांगला भाग परकराला किंवा पोलक्याला जाई. मऊ पडलेल्या तुकड्यांची बाळासाठी दुपटी, झबली, कुंच्या होत. घागर डोक्यावर ठेवायला चुंबळ, पोरांना चेंडू, पोरींना बाहुली, दिव्याला काकडा, गोंधळ्याच्या हातातला पोत, आणि शेवटी चुलीपाशी पोतेरे. एका लुगड्याचा हा उतरता प्रवास दहा-पंधरा वर्षे चाले. त्यातला सर्वांत दीर्घायुषी मुक्काम गोधडीचा, म्हणजेच वाकळेचा.

कृती सोपी आहे असे सगळेच म्हणतात. खाली एक अखंड लुगडे अंथरायचे, त्यावर धुतलेल्या धोतरांचे, सदऱ्यांचे तुकडे समतल पसरायचे, वरून दुसरे लुगडे किंवा जोडलेल्या तुकड्यांचा पट टाकायचा, कच्चे टाके घालून थर जागच्या जागी धरायचे आणि मग कडेकडून मध्याकडे धावदोरा घालीत जायचे. मशीन नको, साचा नको; सुई, दोरा आणि सपाट जमीन पुरे. शेतात काम नसलेल्या उन्हाळ्याच्या दिवसांत हे काम निघे.

आता थोडे गणित. सहा फूट लांब, चार फूट रुंद गोधडी घ्या. दोन ओळींत अर्धा इंच अंतर धरले तर ९६ ओळी होतात आणि दोऱ्याची वाट भरते ५७६ फूट. इंचाला तीन टाके धरले तर एकूण टाके २०,७३६. अनेक थरांतून सुई काढताना मिनिटाला दहा टाके पडले तर ३४ ते ३५ तासांची सलग शिवण झाली. धुणे, फाडणे, जुळवणे यांत धरलेलेच नाही. कापड 'फुकट' होते हे खरे. पण त्यावरून गोधडीच फुकट होती असा जो समज रूढ झाला, तो या आकड्यापुढे टिकत नाही.

लिखित साधनांना हा आकडा का दिसला नाही, हेही समजून घेण्यासारखे आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १७ वा खंड अहमदनगर जिल्ह्याचा; तो १८८४ साली निघाला. त्यात विणकामाला जागा आहे, आणि ती योग्यच. नगर, भिंगार, संगमनेर येथल्या हातमागांवर लुगडी विणली जात. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनच्या डी. सी. चर्चिल यांनी नगरलाच सुधारित हातमाग तयार केला, त्याचीही दखल घेतली गेली. जिल्ह्यातल्या चौंडीच्या लेकीने, अहिल्याबाईंनी, महेश्वरला विणकर वसवले. ती कथा सर्वांच्या तोंडी आहे. नवे कापड बाजारात येते, त्यावर कर बसतो, भाव लागतो, म्हणून त्याची नोंद होते. त्याच लुगड्याचे तीस-पस्तीस तासांत पांघरूण करणारी बाई बाजारात आलीच नाही, तर कारकुनाने तिला कोणत्या रकान्यात घालावे?

चिंधीला बाजार नव्हता असे नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारोदार फिरे. जरीच्या काठावरून होणारी तिची घासाघीस अनेकांना आठवत असेल. म्हणजे कच्च्या मालाला भाव होता, श्रमाला नव्हता.

मग गोधडीसमोर प्रतिस्पर्धी उभा राहिला. मराठी मनाला पानिपत म्हटले की १७६१ आठवते. गोधडीचे पानिपतही त्याच गावाशी जोडलेले आहे. देशोदेशींचे टाकून दिलेले लोकरी कपडे तिथे येतात, यंत्रात पिंजून त्यांचे पुन्हा सूत होते आणि त्यातून स्वस्त ब्लँकेटे निघतात. इंग्लंडात बॅटली गावी १८१३ च्या सुमारास सुरू झालेले हे 'शॉडी'चे तंत्र. चिंध्यांचे पांघरूण चिंध्यांच्याच पांघरुणाने मागे सारले, फक्त सुईची जागा यंत्राने घेतली. दुसरा घाव कृत्रिम धाग्याच्या साड्यांचा. नायलॉन-पॉलिएस्टरची साडी लवकर फाटत नाही आणि घाम टिपत नाही. तिची गोधडी उन्हाळ्यात अंगाला चिकटते.

तरीही पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाच्या बोचक्यात गोधडी असतेच. कोपीच्या ओल्या जमिनीवर तिच्याइतके सोयीचे अंथरूण नाही. पाथर्डी तालुक्यातलेच कवी कैलास दौंड यांची 'गोधडी' ही कविता शालेय पाठ्यपुस्तकात आली, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

या शिवणीला दाम मागितला की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. अलाबामातील जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. १९६६ मध्ये 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था त्या परिसरात उभी राहिली. २००२ मध्ये त्यांच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या. २००७ मध्ये त्यांतल्या काही जणींना मोबदल्यासाठी न्यायालयात जावे लागले. भिंतीवरची कीर्ती आणि हातातले पैसे यांत पाच वर्षांनीही मेळ बसला नव्हता.

महाराष्ट्रात हे काम बचत गटांच्या वाटेने बाजारात आले. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ चे. पुढे 'उमेद' अभियान आले. सरस प्रदर्शनांत आज गोधडी, दुपटी, बटवे, पायपुसणी, कापडी पिशव्या मांडलेल्या दिसतात. शिंप्याकडच्या कातरणीतून बटवा किंवा पिशवी तासाभरात होते आणि लगेच खपते. गोधडी आठवडा खाते आणि गिऱ्हाईक ब्लँकेटचा भाव मनात धरून बोलते. त्यामुळे गटाला पैसा लहान वस्तूंतून लवकर सुटतो, हे व्यवहाराला धरूनच आहे.

यात एक मौजेचा उलटफेरही झाला आहे. परक्याचे जुने कपडे अंगावर घ्यायला शहरी गिऱ्हाईक कचरते, म्हणून विक्रीच्या गोधडीसाठी कोरे सुती कापड मुद्दाम कापून त्याचे तुकडे केले जातात. उलट स्वतःच्या आजीची लुगडी कपाटात पडून असली की तीच माणसे ती पिशवीत भरून गोधडी शिवणारीकडे नेतात. तिथे दर बहुधा आकारावर आणि टाक्याच्या बारकाव्यावर ठरतो. कापड गिऱ्हाइकाचेच असल्याने पावतीवर कापडाची रक्कम नसते. दोरा आणि शिवणावळ, एवढेच लिहिलेले असते.