गासडीवरचा शिक्का आणि कढईतले तेल

१८६२ साली इंग्लंडात बियर गाळणाऱ्या एका पेढीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. कोणीतरी तिला ‘सुरती’ म्हटले, एवढेच निमित्त. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने दक्षिणेकडचा कापूस अडकला होता आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदी कापसावर कशाबशा चालत होत्या. आखूड तंतूचा, कचऱ्याने भरलेला हा माल तिकडच्या बाजारात ‘सुरत’ म्हणून विकला जाई. तो जहाजावर चढे बहुतांशी मुंबईत. नाव सुरतेचे, पण बदनामीत मुंबई बंदराचा वाटा मोठा होता.

गासडी फोडली की सरकी, माती, खडे निघत. रुई ओलीही केलेली असे, कारण सौदा वजनावर. वऱ्हाडातला किंवा खानदेशातला शेतकरी, सावकार, अडत्या, दलाल आणि शेवटी मुंबईतल्या कुलाब्याचा निर्यातदार अशी ही साखळी. पुढचा भेसळ करणारच, मग आपणच कोरडे का राहावे, असा प्रत्येकाचा हिशेब. खापर मात्र आधी शेतकऱ्यावर फुटे. पीक सावकाराकडे आधीच गहाण असलेल्या माणसाने बोंडे निवडून वेचली काय नि पालापाचोळ्यासकट ओरबाडली काय, त्याच्या हाती पडणारा पैसा फारसा बदलत नव्हता. इंग्रजी अहवालांत हे येई, पण हिंदी माणसाच्या अप्रामाणिकपणावरची दोन-चार पाने झाल्यावर.

भेसळीविरुद्ध मुंबईत १८२९ पासूनच नियम होता, पण तो बराचसा कागदावर. तेजी भरात आली तेव्हा, १८६३ मध्ये, कापसातल्या लबाडीविरुद्ध नवा कायदा झाला. निरीक्षक नेमले गेले, गासड्या दाबून बांधणाऱ्या प्रेसना परवाने लागले, गासड्यांवर खुणा आल्या आणि या सगळ्याचा खर्च फीच्या रूपाने व्यापाराच्याच माथी बसला. म्हणजे लँकेशायरला विश्वास हवा होता आणि त्याची किंमत इकडच्या गासडीतून वसूल होत होती. शिवाय कायदा मुंबई इलाख्याचा. वऱ्हाड आणि संस्थानी मुलूख त्याच्या हद्दीबाहेर, आणि मिसळामिसळ व्हायची ती बरीचशी तिथेच. ज्याच्यासमोर रुई ओली होत होती त्याच्यापर्यंत निरीक्षक पोचतच नव्हता.

हा कायदा वीस वर्षेही टिकला नाही. तोवर व्यापाराची रीतच पालटली होती. रेल्वे वऱ्हाडात शिरली, १८७० मध्ये खामगावपर्यंत फाटा गेला, त्याच वर्षी समुद्री तारेने मुंबईचे भाव लंडनला झटपट कळू लागले. राली, फोल्कार्ट यांसारख्या पेढ्यांनी कुलाब्यात वाट बघत बसण्यापेक्षा थेट मुलखात माणसे पाठवून खरेदी सुरू केली. मालाजवळ उभा राहणारा, पैसे मोजणारा गिऱ्हाईक आला; मग सरकारी निरीक्षक कशाला, असे व्यापारी म्हणू लागले. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला निरीक्षकांचे ते खाते गुंडाळले गेले.

भेसळ मात्र गेली नाही. पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा कायदे आले. १९२३ च्या वाहतूक कायद्याने हलका कापूस चांगल्या कापसाच्या मुलखात नेण्यावर बंधन आले. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गासडीवर प्रेसची खूण आणि क्रमांक बंधनकारक केला. माल कुठे बांधला गेला ते आता उलट्या दिशेने शोधता येणार होते. सौद्यांना शिस्त लावायला ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन होती, सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांच्या अध्यक्षतेखाली. बाजारही कुलाब्याहून शिवडीला, आजच्या कॉटन ग्रीनला हलला. माटुंग्यात १९२४ मध्ये कापूस तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा निघाली. बाजारातला जाणकार मात्र हातानेच पारख करी. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, तुटलेले टोक परत त्यावर ठेवून पुन्हा ओढायची; असे काही वेळा केले की तंतू समांतर येतात, मग काळ्या कापडावर ठेवून लांबी पाहायची. परळ-लालबागच्या गिरणीत हाच निवाडा कामगाराच्या पगारातून होई. सूत तुटले की साचा थांबे, आणि विणकराला मजुरी कापडावर मिळे.

माल सांगितला तोच आहे का, हा प्रश्न शंभर वर्षांनी तेलाच्या रूपाने समोर आला आहे. युरोपियन संघाने २००९ च्या नियमांत टाकाऊ मालापासूनचे जैवइंधन अक्षय ऊर्जेच्या उद्दिष्टात दुप्पट मोजण्याची सवलत दिली. तळून उरलेले तेल त्यात बसते. ते टाकाऊच आहे हे सांगणारा कागद लागतो, म्हणून आयएससीसीसारख्या प्रमाणपत्र-व्यवस्था आल्या. महिन्याला १० टनांपेक्षा कमी तेल देणाऱ्या हॉटेलाची स्वयंघोषणा बहुधा पुरते. लेखापरीक्षक मुख्यतः गोळा करणाऱ्याची वही तपासतो, हॉटेलांपैकी नमुन्यादाखल काहींकडे जातो. टाकाऊ तेलाला चांगल्या पामतेलाहून जास्त भाव आला की काय होईल, हे कुलाब्याच्या दलालाला विचारावे लागले नसते. नेदरलँड्समध्ये २०१९ मध्ये अशा बनावट ‘टाकाऊ’ बायोडिझेलचा गुन्हेगारी तपासच सुरू झाला.

इकडे भारतात १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के झाली. कढईत मीटरची दांडी बुडवायची, आकडा २५ च्या वर गेला की तेल बाद. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्याने नोंद ठेवायची. दादर स्टेशनबाहेर बटाटेवडे तळणारा गाडीवाला त्या हद्दीत क्वचितच बसतो. त्याचे काळे पडलेले तेल सहसा पुन्हा त्याच्याच कढईत जाते किंवा स्वस्तात दुसऱ्या कोणाच्या कढईत.

इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला २०२५ मध्ये वापरलेल्या तेलापासून विमान-इंधन बनवण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. २०२७ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांत असे इंधन १ टक्का मिसळण्याचे देशाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी मोठ्या हॉटेल-साखळ्यांचे तेल आधी गोळा होईल, कारण त्यांच्याकडे वह्या आहेत. गाडीवाल्याच्या तेलाला चांगला भाव देऊन ते दारात येऊन उचलणारा माणूस मिळाला, तरच ते पिंपात पडेल. नाहीतर स्वयंघोषणेच्या कागदावर त्याची सही असेल आणि तेल दुसऱ्याच कुठले असेल.