ऐच्छिक डिपेंडन्सींची निवड (लिनक्स)

एखादे सॉफ्टवेअर सोर्स कोडपासून बिल्ड करताना ज्या लायब्ररीवाचून त्याचे अडत नाही, पण जी जोडली तर एखादी जादा सोय मिळते, ती त्याची ऐच्छिक डिपेंडन्सी. तयार पॅकेज वापरणाऱ्यांसाठी ही निवड डिस्ट्रोच्या मेंटेनरने आधीच केलेली असते. सी किंवा सी++ मधल्या प्रोग्रॅममध्ये कंपाइल करताना वगळलेली सोय नंतर लायब्ररी इन्स्टॉल करून सहसा परत येत नाही. बिल्ड नव्याने करावे लागते.

निवड कळवण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. ऑटोकॉन्फच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला ‘विथ’ आणि ‘विदाउट’ने सुरू होणारे पर्याय देतात. मेसनमध्ये प्रत्येक फीचर ‘एनेबल्ड’, ‘डिसेबल्ड’ किंवा ‘ऑटो’ ठेवता येते. खरी गोम या ‘ऑटो’त आहे. मशीनवर लायब्ररी आणि तिच्या हेडर फाइल सापडल्या तर जोडायच्या, नाहीतर मुकाट पुढे जायचे, असे त्याचे वागणे. त्यामुळे एकाच कोडपासून दोन मशीनवर दोन वेगळे प्रोग्रॅम तयार होतात आणि बिल्ड मात्र दोन्हीकडे यशस्वी दिसते. लायब्ररी सापडली की आपोआप जोडणाऱ्या आणि ते बंद करायला पर्यायही न ठेवणाऱ्या डिपेंडन्सीला जेन्टू या डिस्ट्रोचे लोक ‘ऑटोमॅजिक’ म्हणतात, कौतुकाने नव्हे. पॅकेज मॅनेजरला तिचा पत्ताच नसतो. पुढे कोणी ती लायब्ररी काढली की प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

जेन्टू लिनक्सने (आवृत्ती १.०, २००२) ही निवड थेट वापरणाऱ्याच्या हाती दिली. मेक.कॉन्फ फाइलमधल्या ‘यूज’ या ओळीत हवे ते फ्लॅग लिहायचे, नको त्यांच्या आधी उणे चिन्ह द्यायचे. ‘उणे एक्स’ लिहिले की जिथे जमेल तिथे ग्राफिकल भाग गळतो. एखाद्याच पॅकेजपुरता अपवाद करायचा तर वेगळी फाइल असते. डेबियनचा मार्ग निराळा: एकाच व्हिम एडिटरचे व्हिम-टायनी, व्हिम-नॉक्स, व्हिम-जीटीके३ असे अवतार तिथे तयार मिळतात. डेबियनमधली ‘रेकमेंड्स’ यादी मात्र इन्स्टॉल करतानाची शिफारस आहे. बिल्डच्या निवडीशी तिची गल्लत करू नये.

काही लायब्रऱ्या एकमेकींच्या ऐच्छिक डिपेंडन्सी असतात. फ्रीटाइप आणि हार्फबझ ही ठळक जोडी. आधी हार्फबझविना फ्रीटाइप, मग हार्फबझ, मग पुन्हा फ्रीटाइप, असा क्रम लावून हा पेच सोडवतात. एफएफएमपेगमध्ये प्रश्न परवान्याचा येतो: एक्स२६४ घेतले तर सगळे बिल्ड जीपीएलखाली जाते आणि एफडीके-एएसी त्यासोबत घेतले तर तयार झालेली बायनरी इतरांना वाटता येत नाही.

जोडलेली प्रत्येक लायब्ररी आपल्या दोषांसह आणि आपल्या डिपेंडन्सींसह येते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत घुसवलेला चोरदरवाजा उघड झाला. त्याचा रोख एसएसएच सर्व्हरवर होता. गंमत म्हणजे ओपनएसएसएचला एक्सझेडची लायब्ररी लागतच नाही. सर्व्हर सुरू झाल्याची वर्दी सिस्टमडीला द्यावी म्हणून डेबियन, फेडोरा यांसारख्या डिस्ट्रोंनी आपल्या पॅचने सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती आणि तिच्यामागून एक्सझेड आले. एवढ्याशा वर्दीसाठी हा सौदा महागच होता. जुलै २०२४ च्या ९.८ आवृत्तीत ओपनएसएसएचने ती वर्दी कोणत्याही बाहेरच्या लायब्ररीविना देण्याची सोय केली.

म्हणून सरसकट सगळे वगळावे असेही नाही. चित्रांवर मजकूर लिहिणाऱ्या इमेजमॅजिकला आणि पायथॉनच्या पिलोला ‘रक्म’ ही लायब्ररी ऐच्छिक आहे. रोमन लिपीचे तिच्यावाचून बिघडत नाही, देवनागरीचे बिघडते. ‘स्थिती’ लिहायला सांगितले तर स आणि थ जुळत नाहीत, पाय मोडलेला स सुटा दिसतो आणि ऱ्हस्व वेलांटी ‘स्थ’च्या आधी न येता नंतर पडते. एररचा संदेश कुठेही येत नाही. मराठी मजकुराच्या प्रतिमा बनवणाऱ्याने इमेजमॅजिकला आवृत्ती विचारावी आणि उत्तरातल्या ‘डेलिगेट्स’च्या ओळीत रक्म आहे का ते पाहावे, नसेल तर ती लायब्ररी जोडून पुन्हा बिल्ड करावे.