दर्यात गेलेल्यांचा दिवस

मागच्या भागात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधणीबद्दल बोललो होतो. आज त्याच समुद्राबद्दल, पण विषय जरा जड आहे.

२४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली. दोन जण गेले. मग परवाने, लाइफ जॅकेट यांवर चर्चा झाली. ती हवीच. पण अशा बोटीत शेजारी बसलेल्यांचं पुढे काय होतं?

हे विचारतोय, कारण तीन वर्षांपूर्वी आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधला एक मित्र सह्याद्रीत कड्यावरून पडून गेला. मी त्याच्या मागे दहा पावलांवर होतो. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले आणि ग्रुप गप्प झाला. त्याच्या घरी मी गेलोच नाही. आईंनी विचारलं असतं, "तू होतास ना रे?" तर काय सांगणार?

आपल्या पूर्वजांना असे मृत्यू नवे नव्हते. बोरिवलीजवळ एकसरला शिलाहारकाळातले वीरगळ आहेत, त्यांवर जहाजांची लढाई कोरलीय. माणूस कसा गेला हे लपवलेलं नाही. खाली लढाई, वरच्या टप्प्यांत स्वर्ग. गावानं रोज बघावं म्हणून दगड उघड्यावर उभा.

दर्यात गेलेल्याचा देह कधीकधी मिळतच नाही. त्यासाठी पालाशविधी आहे. पळसाच्या ३६० पानांचा देह रचायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. कायदा बेपत्ता माणसाचा मृत्यू ७ वर्षांनी गृहीत धरतो. घरच्यांना तेवढं थांबवत नाही. निरोप द्यायला हातात काहीतरी लागतं, हे कुणीतरी फार पूर्वी ओळखलं होतं. मी कोड लिहिणारा माणूस, विधींवर माझा फारसा विश्वास नाही. तरी या विधीपुढे मी गप्प होतो.

आणि तारीख. पितृपक्षात भाद्रपद वद्य चतुर्दशीला घातचतुर्दशी म्हणतात. शस्त्रानं, अपघातानं, पाण्यात बुडून गेलेल्यांचा म्हाळ त्या दिवशी. म्हणजे अवेळी गेलेल्यांसाठी पंचांगात वेगळी जागा राखून ठेवलीय. आमची आजी म्हणायची, "मेलेल्याक दीस दिल्याशिवाय जित्याक उसंत गावना नाय."

तिसरी गोष्ट मालवणी माणसाला सांगायला नको: गाऱ्हाणं. एक जण बोलतो, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. एकट्याचं दुःख सगळ्यांच्या तोंडून जातं.

आमच्या ट्रेकच्या ग्रुपकडे यातलं काहीच नव्हतं. दोर, हेल्मेट, प्रथमोपचाराची पेटी सगळं होतं. कुणी गेला तर त्याच्या घरी कोण जाणार, हे कधी ठरवलंच नव्हतं.

गेल्या घातचतुर्दशीला आम्ही चौघं मित्राच्या घरी गेलो. त्याच्या आईंनी पानं वाढली. मला वाटत होता तो प्रश्न आला नाही. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी डबा खाल्ला होता का रे त्यानं?" खाल्ला होता. घावणे होते, मलाही दिले होते. मी ते सांगितलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा रडलो.

तुम्ही डायव्हिंग करत असाल, ट्रेकला जात असाल, तर ग्रुपमध्ये एवढं ठरवून ठेवा. विधी करा, नका करू. पण वर्षातला एक दिवस ठेवा आणि त्या दिवशी त्या घरी जा.

भेटू पुढच्या भागात.