साठ कबरींचा प्रश्न

बदामी, ऐहोळे, पट्टदकल आणि विजापूर ही चार दिवसांची सहल आता इतकी रुळली आहे की बसच्या ड्रायव्हरला नकाशा लागत नाही. आमच्या गटात चौतीस जण होते. इंदूरचे, बडोद्याचे, हैदराबादचे, आणि दोन कुटुंबं बेळगावची. मी इतिहास सांगायला म्हणून सोबत होतो. पण गाईड असतो तिथे माझ्यासारख्या माणसाला फारसं काम उरत नाही. लोकांना गोष्ट हवी असते आणि गाईडच्या खिशात ती तयार असते.

आज अशाच एका तयार गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

विजापूर शहराच्या पश्चिमेला, शेतांच्या पलीकडे 'साठ कबर' नावाची जागा आहे. एका चौथऱ्यावर काळ्या दगडाच्या कबरी ओळीने मांडलेल्या आहेत. साठाहून जास्त आहेत, सगळ्या एकसारख्या, आणि सगळ्यांचा माथा सपाट. पुरुषाच्या कबरीवर मधोमध उंचवटा असतो, बाईच्या कबरीवर तो नसतो, एवढं कळलं की बाकी कुणाला विचारावं लागत नाही. इथे सगळ्या बायका आहेत.

गाईडची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. अफझलखान शिवाजी महाराजांवर चालून निघाला तेव्हा ज्योतिष्याने सांगितलं की तू परत येणार नाहीस. आपल्यामागे बायका दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून खानाने एकेकीला विहिरीत ढकललं आणि इथे पुरलं. एक कबर उघडी आहे, ती पळून गेलेल्या बाईची. गोष्ट संपली की फोटो, फोटो संपले की बस.

त्या दिवशी बडोद्याच्या एक काकू हलल्या नाहीत. त्यांनी गाईडला विचारलं, "दादा, ह्यांची नावं काय होती?" गाईड म्हणाला, "मॅडम, नावं कुठून असणार?" काकूंनी मग माझ्याकडे बघितलं. पुढचे दोन तास बसमध्ये मी जे बोललो ते इथे नीट मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे ही कथा आजच्या गाईडांनी रचलेली नाही. आबे कारे नावाचा फ्रेंच प्रवासी शिवाजी महाराजांच्या हयातीतच हिंदुस्थानात येऊन गेला. त्याच्या लिखाणात अफझलखानाने मोहिमेपूर्वी आपल्या जनान्यातल्या बायका मारल्याची कथा आहे, आणि तिथे आकडा दोनशेचा आहे. म्हणजे प्रतापगडचा प्रसंग घडला 10 नोव्हेंबर 1659 ला, आणि दीड दशकाच्या आत ही वदंता परदेशी माणसाच्या कानापर्यंत पोचली होती. पुढे ब्रिटिश काळात हेन्री कझेन्स या पुरातत्त्व अधिकाऱ्याने विजापूरच्या इमारतींवर मोठा ग्रंथ लिहिला, 1916 सालचा. त्यानेही या कबरी आणि त्यांची कथा नोंदवली.

जुनी म्हणून खरी, असं मात्र नाही. कारे काही साक्षीदार नव्हता. बाजारात जे बोललं जात होतं ते त्याने ऐकलं. हरलेल्या, मेलेल्या सरदाराबद्दल बाजारात काय बोललं जातं हे आपल्याला सांगायला नको.

आता दगडाकडे या. एका मापाच्या, एका ओळीत बसवलेल्या, ताशीव दगडाच्या साठ कबरी घाईत होत नाहीत. कारागीर लागतात, पैसा लागतो आणि वेळ लागतो. विजापुरात मोठी माणसं आपली कबर जिवंतपणीच बांधायला घेत. अफझलखानानेही घेतली होती. त्याची मशीद शहराबाहेर आहे, तिच्यावर 1653 सालचा लेख आहे, आणि जवळच त्याच्या स्वतःच्या कबरीची इमारत आहे, ती रिकामी. खान प्रतापगडाच्या पायथ्याशी पुरला गेला. ज्याने स्वतःची कबर आधी बांधायला घेतली, त्याने घरातल्या बायकांसाठीही एक कबरस्तान आखून ठेवलं असेल, हे मला खुनाच्या कथेपेक्षा जास्त पटतं. मग उघडी राहिलेली कबर पळालेल्या बाईची कशाला? ती न वापरलेली कबर असू शकते.

हैदराबादचे एक निवृत्त इंजिनियर लगेच म्हणाले, "सर, तुम्ही खानाची बाजू घेता काय?" बस हसली. मी म्हटलं, बाजू बायकांची घेतोय. पाहा ना, या कथेत ज्योतिषी आहे, खान आहे, विहीर आहे. बायका फक्त आकडा म्हणून येतात. साठ, त्रेसष्ट, दोनशे.

दोनच दिवसांपूर्वी आम्ही पट्टदकलला होतो. तिथलं विरूपाक्ष मंदिर लोकमहादेवीने बांधवलं. बदामीचा चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याची ती राणी. त्याने पल्लवांची कांची जिंकली, त्या विजयाप्रीत्यर्थ हे मंदिर उभं राहिलं, आठव्या शतकाच्या मध्याला. राणीच्या नावावरून देवाचं नाव लोकेश्वर. शेजारचं मल्लिकार्जुन तिच्या बहिणीचं, त्रैलोक्यमहादेवीचं. दोघी हैहय कुळातल्या आणि दोघींची लग्नं याच राजाशी झालेली. विरूपाक्ष मंदिरातल्या लेखांत स्थपतीचंसुद्धा नाव आहे, गुंड, पदवी अनिवारिताचार्य. गायकांना पूर्वीच्या राजाने दिलेले हक्क लोकमहादेवीने कायम केले, हेही कोरलेलं आहे. पावणेतेराशे वर्षांपूर्वीच्या राणीने काय केलं हे आपण दगडावर वाचू शकतो. वेरूळचं कैलास बघितलेल्यांनी हे मंदिर जरूर बघावं, घराणं बदललं तरी आराखडा कुठून आला हे डोळ्यांना समजतं.

आता कुणी म्हणेल, हा हिंदू-मुसलमान फरक आहे. तसं अजिबात नाही. त्याच विजापुरातला इब्राहिम रोझा घ्या. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची ही कबर, पण लेख सांगतो की ती बांधवली ताज सुलतानने, त्याच्या बेगमेने. देखरेख मलिक संदलची, खर्च दीड लाख होनांच्या आसपास. बेगमेचं नाव आहे, खर्चाचा हिशेबसुद्धा आहे. राजा 1627 मध्ये वारला आणि दोघंही तिथेच आहेत. आमच्या गटाला गोल घुमटापेक्षा रोझा आवडला. मलाही. गोल घुमट म्हणजे आकाराचा पराक्रम, आतून सुमारे 38 मीटर व्यासाचा घुमट, आणि वरच्या सज्जात मुलं ओरडून प्रतिध्वनी मोजत असतात. खाली मुहम्मद आदिलशहाच्या शेजारी रंभा नावाची नर्तकी आहे. तिचंही नाव टिकलं.

म्हणजे नाव टिकतं ते सत्तेजवळ असलेल्या, बांधकामाला पैसा देणाऱ्या किंवा राजाच्या आवडीच्या बाईचं. सरदाराच्या जनान्यातल्या बाईकडे यांपैकी काहीच नव्हतं. साठ कबरींवर नावं नाहीत आणि ती रिकामी जागा गोष्टीने भरून काढली. आपण मराठी माणसं तर ही गोष्ट जरा जास्तच आवडीने ऐकतो, कारण खान आपला खलनायक आहे. त्याच्या खात्यावर साठ खून आणखी जमा झाले तर आपली काही हरकत नसते. पण प्रतापगडचा इतिहास या कथेवाचून पूर्ण आहे. महाराजांनी खानाला कसं हेरलं, जावळीच्या खोऱ्यात कसं ओढलं, हे समजायला ज्योतिषी लागत नाही.

काकूंच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. बस गावात शिरल्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या, "मग त्या सगळ्या एकाच दिवशी गेल्या नसतील, नाही का?" मी म्हटलं, नसाव्यात. त्यांनी मान हलवली आणि पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढून पुढे वाटल्या.

तुम्ही गेलात तर सकाळी लवकर जा, ऊन चढलं की काळा दगड पायांना भाजतो. मंदिरांसाठी एक पूर्ण दिवस पट्टदकल आणि ऐहोळेला द्या. ऐहोळेच्या मेगुती टेकडीवर रविकीर्तीचा लेख आहे, इसवी सन 634 चा, त्यात दुसऱ्या पुलकेशीच्या 'तीन महाराष्ट्रकां'चा उल्लेख आहे. त्या लेखावर पुढचा भाग करू, आणि त्यानंतर कांचीला जाऊ. तिथल्या कैलासनाथ मंदिरात लोकमहादेवीच्या नवऱ्याचा कन्नड लेख आहे. जिंकलेल्या शहराच्या देवळाची संपत्ती त्याने लुटली नाही, देवाला परत दिली, असं त्यात कोरलंय.