लोणारची काच आणि गोव्याचे खापर

लोणारपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही बुडालेल्या जहाजांचा इतिहास समजून घेताना लोणारचे विवर आपल्या उपयोगी पडते. दोन्ही ठिकाणी काळ मोजण्यासाठी तापदीप्ती, म्हणजेच थर्मोल्युमिनेसन्स, ही एकच पद्धत वापरली गेली.

गोव्याच्या किनाऱ्याजवळ सुंची रीफ हा पाण्याखालचा खडक आहे. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी तेथे बुड्या मारून शोध घेतला. लोखंडी तोफा, नांगर, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी भांड्यांचे तुकडे आणि रांजणांची खापरे सापडली. यावरून ते सतराव्या शतकाच्या आरंभीचे पोर्तुगीज व्यापारी जहाज असावे, असा निष्कर्ष निघाला. खापरांच्या तापदीप्तीने त्याला दुजोरा दिला.

ही पद्धत चालते कशी? भोवतालच्या युरेनियम, थोरियम व पोटॅशियमच्या किरणोत्सारामुळे खापरातील खनिजकणांत ऊर्जा साठत जाते. भांडे भट्टीत भाजले, की जुना साठा रिकामा होऊन घड्याळ शून्यावर येते. पुढे प्रयोगशाळेत खापर तापवले, की नंतर साठलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. या साठ्याला दरवर्षीच्या मात्रेने भागले, की वय मिळते.

लोणारला भट्टीचे काम अशनीने केले. बेसॉल्टमधील हे सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचे विवर आघाताने झाले, हे फ्रेडरिक्सन व सहकाऱ्यांनी 1973 मध्ये दाखवले. आघातात वितळून झालेल्या काचेचे वय 1997 मध्ये तापदीप्तीने सुमारे 52,000 वर्षे निघाले. 2011 मध्ये आर्गॉन पद्धतीने ते सुमारे 5,70,000 वर्षे आले. एवढा फरक कसा? पदार्थात ऊर्जा साठण्याच्या जागा मर्यादित असतात. त्या भरल्या किंवा गळू लागल्या, की घड्याळ मागे पडते. चारशे वर्षांच्या खापराला पुरणारे घड्याळ लाखो वर्षांना अपुरे पडू शकते.

येथेच संरक्षणाचा प्रश्न येतो. दरवर्षीच्या मात्रेचा काही भाग भोवतालच्या मातीतून किंवा गाळातून येतो. हौशी पाणबुड्याने उचलून कपाटात ठेवलेल्या खापराची ही माहिती कायमची हरवते. म्हणून आता ध्वनिलहरींनी तळाचे चित्र काढतात, चुंबकमापकाने लोखंडाचा माग घेतात, आणि शक्य तेथे वस्तू जागच्या जागी ठेवूनच नोंदवतात. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंना 1972 चा कायदाही संरक्षण देतो.

लोणार सरोवर 2020 पासून रामसर स्थळ आहे. तेथे सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना एवढे जरूर सांगावे : खडा उचलू नका, तो कोठे, कशाशेजारी पडला आहे ते वहीत लिहा. खड्याइतकीच त्याची जागाही पुरावा असते.