गोदाकाठावरून घाटमाथ्याकडे : बासर–निर्मल–उटनूर वाटेचा इतिहास

बासर हे ज्ञानसरस्वतीचे क्षेत्र गोदावरीच्या उत्तर काठावर वसले आहे. अक्षराभ्यासाचा, म्हणजे लहान मुलाचा हात धरून त्याच्याकडून पहिले अक्षर गिरवून घेण्याचा विधी करण्यासाठी मराठवाड्यातील कुटुंबे तेथे आजही मोठ्या संख्येने येतात. मात्र देवीचे दर्शन झाले की त्यांतील बहुतेक जण आल्या वाटेने परततात आणि क्षेत्रामागे ईशान्येकडे पसरलेली डोंगराची रांग त्यांच्या प्रवासात सहसा येत नाही. जुन्या गॅझेटिअरांनी सातमाळा किंवा सह्याद्री पर्वत या नावाने नोंदवलेली ही रांग आदिलाबाद जिल्ह्यातून वायव्येकडून आग्नेयेकडे सुमारे १७५ मैल जाते. मोटारसायकलवरून किंवा ट्राइकवरून, म्हणजे मोटारसायकलचे इंजिन आणि हँडल कायम ठेवून तीन चाकांवर उभी केलेल्या गाडीवरून, डोंगरमार्गाची सहल आखणाऱ्याला बासर हे सोयीचे आरंभस्थान ठरते, कारण रेल्वे, नदीवरचे पूल आणि घाटाकडे जाणारा रस्ता तेथून जवळ आहेत. अशी सहल आज निसर्ग पाहण्यासाठी आखली जात असली, तरी ज्या रस्त्यांवरून ती जाते त्यांपैकी जवळजवळ एकही रस्ता निसर्ग दाखवण्यासाठी बांधलेला नाही. पोलाद, मीठ, कापूस, सागवान, शिपाई आणि महसूल यांच्या वाहतुकीतून ही वाट घडली आणि तिची वळणे व मुक्काम यांवर त्या ओझ्यांचा ठसा अजूनही आहे.

बासरचा प्रशासकीय इतिहास मराठी वाचकाला विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. मंदिराच्या परंपरेत नंदगिरीच्या, म्हणजे नांदेडच्या, राजाचे नाव संस्थापक म्हणून घेतले जाते आणि सतराव्या शतकातील जीर्णोद्धाराचे श्रेय मक्काजी पटेल याला दिले जाते. ही परंपरा इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी तिची दिशा महत्त्वाची आहे, कारण हे क्षेत्र दीर्घकाळ पश्चिमेकडे, नांदेडच्या बाजूला जोडलेले होते. बासर ज्या मुधोळ तालुक्यात मोडत असे, तो हैदराबाद संस्थानात नांदेड जिल्ह्याचाच भाग होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत या तालुक्याची मुधोळ, भैसा आणि कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशाला मिळाली, धर्माबाद मुंबई राज्यात राहिले, आणि उलट दिशेने आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट, राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मराठी बाजूला आले. पुढे २०१४ मध्ये तेलंगण राज्य आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी निर्मल जिल्हा अस्तित्वात आल्याने बासरच्या पत्त्यातील आदिलाबाद हे जिल्ह्याचे नाव जुने झाले, परंतु लोकांच्या बोलण्यातून ते गेलेले नाही. धर्माबादहून बासरला जाणारा दुचाकीस्वार राज्याची सीमा ओलांडतो खरा, पण ही सीमा नदीने किंवा डोंगराने नव्हे, तर मंडळांच्या याद्यांनी आखली आहे.

या प्रदेशातील जुन्या वाटा दोन प्रकारच्या होत्या आणि त्यांत भेद करणे आवश्यक आहे. पहिली वाट नदीच्या खोऱ्यातून औरंगाबाद, नांदेड, इंदूर (आजचे निजामाबाद) अशी गोवळकोंड्याकडे जात असे, आणि १६६६–६७ मध्ये भारतात फिरलेला फ्रेंच प्रवासी झां द तेवेनो याच वाटेने गेला. इंदूरच्या पुढील इंदलवाई येथे तलवारी आणि खंजीर तयार होत असल्याची नोंद त्याने केली आहे. दुसरी वाट डोंगर ओलांडून नागपूरला हैदराबादशी जोडणारी होती, आणि ती हिंगणघाट, एदलाबाद (आदिलाबादचे जुने नाव), निर्मल अशी येऊन सोन येथे गोदावरी पार करीत असे. बासर पहिल्या वाटेच्या जवळ, तर निर्मल दुसऱ्या वाटेवर आहे. आजची सहल या दोन्ही वाटांना एकमेकींशी जोडते, जे पूर्वीच्या व्यापाऱ्याला किंवा लष्करी तुकडीला क्वचितच करावे लागे.

या टापूचे पोलाद हा या इतिहासातील सर्वांत समृद्ध, पण मराठीत फारसा न सांगितला गेलेला भाग आहे. निर्मलजवळच्या दिम्मदुर्ती परिसरात ओढ्यांच्या पात्रात काळी, लोहचुंबकाला चिकटणारी वाळू मिळे, आणि तिच्यापासून काढलेले लोखंड गोदावरीच्या दक्षिणेकडील कोनसमुद्रम येथे मुशीत वितळवून उत्तम प्रतीचे पोलाद केले जाई. मूस म्हणजे मातीचे जाड भांडे, आणि त्यात दोन वेगवेगळ्या ठिकाणचे लोखंड ठरावीक प्रमाणात भरून भट्टीत दीर्घकाळ तापवणे, हे या कारागिरीचे मर्म होते. सर्वेक्षण खात्यातील वैद्य आणि भूशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसी याने हे काम प्रत्यक्ष पाहून त्याचे वर्णन लिहिले, जे त्याच्या मृत्यूनंतर १८३२ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. इराणी व्यापारी हे पोलाद स्वतः येऊन नेत, असेही त्यात नमूद आहे. दमास्कसच्या नावाने जगभर गाजलेल्या पात्यांमागे या टापूतील वाळू आणि कोळसा होता, हे लक्षात घेतले म्हणजे निर्मलच्या परिसरातील झुडपी माळांकडे निव्वळ निसर्ग म्हणून पाहणे अवघड जाते, कारण भट्ट्यांना लागणारा कोळसा भोवतालच्या जंगलातूनच येत असणार.

व्हॉयसी ज्या कामासाठी आला होता ते काम म्हणजे विल्यम लॅम्ब्टनने सुरू केलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण. उंच जागी उभ्या केलेल्या खुणांमधील कोन मोजून त्रिकोणांची साखळी करणे आणि तिच्या आधारे पृथ्वीचा आकार व देशाचा नकाशा निश्चित करणे, असे या पद्धतीचे स्वरूप होते. त्याची मुख्य साखळी ७८ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे जात असल्यामुळे ती बिदरजवळून निघून गोदावरी ओलांडते आणि वऱ्हाडाकडे जाते. बासरचा रेखांश जवळजवळ तोच आहे. लॅम्ब्टन हैदराबादहून नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मरण पावला. त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट याआधीच गोदावरी आणि कृष्णा यांच्या मधल्या जंगलात तापाने अंथरुणाला खिळला होता. या तापाची, म्हणजे हिवतापाची, भीती पुढे शतकभर प्रवासाचे वेळापत्रक ठरवीत राहिली, कारण पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे डोंगरात जाणे टाळून हिवाळ्यात दौरा काढण्याची सरकारी रीत तिच्यातूनच पक्की झाली.

निर्मलच्या उत्तरेला चढणाऱ्या घाटाला महबूब घाट म्हणतात, आणि हे नाव सहावा निजाम मीर महबूब अली खान (राजवट १८६९ ते १९११) याच्यावरून पडले आहे. त्याच्याच काळात, १९०५ मध्ये, सिरपूर-तांदूर या मागास उपजिल्ह्याला इंदूर जिल्ह्यातील निर्मल व नरसापूर हे तालुके जोडून आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा केला गेला. जिल्ह्याचे ठाणे डोंगराच्या उत्तरेला आणि त्याचा संपन्न भाग दक्षिणेला असल्यामुळे घाटाचा रस्ता ही राज्यकारभाराची रोजची गरज बनली. निर्मल हे त्याआधीपासूनच वजनदार ठाणे होते. तेथील किल्ल्यांच्या बांधणीत निजामाच्या नोकरीतील फ्रेंचांचा हात होता असे मानले जाते, पोणिकी या हलक्या लाकडाची रंगीत खेळणी करणारे नकाशी कारागीर तेथे राहत, आणि १८६० च्या सुमारास रामजी गोंड व त्याच्या साथीदारांना तेथील एका वडावर फाशी दिल्याची स्मृती ‘वेय्यी उरुला मर्री’, म्हणजे हजार फासांचा वड, या तेलुगू नावात टिकली आहे.

घाटावरून जाणारे मुख्य वाहन मात्र बैलगाडीच राहिले. लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी धाव, म्हणजे चाकाची कडी, काळ्या जमिनीत दोन खोल चाकोऱ्या पाडते आणि त्यांच्या मधोमध मातीचा उंचवटा शिल्लक राहतो. चढावर दुसऱ्या गाडीचे बैल पुढे जोडून एकेक गाडी वर घ्यावी लागे, आणि उतारावर चाकाला लाकूड अडवून वेग आवरावा लागे. कापसाच्या हंगामात आदिलाबादच्या जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांमुळे या चाकोऱ्या इतक्या पक्क्या होत की पुढची गाडी त्याबाहेर जाऊच शकत नसे.

मोटारीचे युग येथे रेल्वेच्या मागून आले. १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज लोहमार्ग सुरू झाल्यावर बासरला स्थानक मिळाले, आणि यात्रेकरू रस्ता सोडून गाडीत बसले. क्षेत्राचा आणि डोंगराचा संबंध तुटायला हे एक मोठे कारण झाले असावे, कारण रेल्वेने नदीकाठ जवळ आणला, घाट नव्हे. निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने जून १९३२ मध्ये २७ गाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांसह प्रवासी बससेवा सुरू केली, आणि संस्थानातील जिल्ह्यांची ठाणी हळूहळू बसने जोडली जाऊ लागली. योगायोग असा की अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची सर्व्हीकार ही तीनचाकी मोटारसायकल त्याच वर्षी बाजारात आली. तीन चाकांच्या मोटारसायकलींचा इतिहास त्याहून जुना असून फ्रान्समधील द दियाँ-बूतों कंपनीची तीनचाकी १८९० च्या दशकातच लोकप्रिय झाली होती, परंतु भारताच्या ग्रामीण भागात तिसरे चाक सहलीसाठी नव्हे तर मालासाठी आले. इटलीतील पियाज्जिओची ‘आपे’ ही १९४८ ची मालवाहू गाडी आणि १९५८ मध्ये गोरेगावात सुरू झालेल्या बजाज टेम्पो कंपनीच्या तीनचाकी गाड्या यांच्यामागून मराठवाड्यात आणि तेलंगणात टमटम व मालरिक्षांची जी जात तयार झाली, तिच्याच चालकांनी घाटाखालच्या बाजारगावांचे कच्चे रस्ते तीन चाकांच्या सवयीचे केले.

घाटमाथ्यापलीकडचा उटनूरचा टापू या साऱ्यात सर्वांत उशिरा उघडला, आणि त्याची किंमत तेथील रहिवाशांनी मोजली. राज गोंड, कोलाम, परधान आणि मराठी बोलणारे आंध हे येथील जुने लोक. जंगलखात्याच्या राखीव हद्दी वाढू लागल्या तशा त्यांच्या पेरलेल्या जमिनी बेकायदा ठरू लागल्या, आणि याच संघर्षात १९४० मध्ये जोडेघाटजवळ कोमरम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेंडॉर्फ यांना येथील परिस्थिती अभ्यासण्यास बोलावले. १९४३ पासून मारलवाई हे त्यांच्या शैक्षणिक कामाचे केंद्र बनले, आणि वाहतूक सुधारली की बाहेरचा शेतकरी व सावकार आत येतो व गोंडाची जमीन जाते, हे सूत्र त्यांच्या लिखाणात वारंवार येते. रस्ता म्हणजे विकास, असे सरसकट मानणाऱ्याने इंद्रवेल्लीचा स्तंभ पाहावा, कारण २० एप्रिल १९८१ रोजी तेथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला होता आणि त्या घटनेमागे जमिनीचाच प्रश्न होता.

आज सहलीची आखणी करताना या साऱ्या गोष्टी कामाच्या प्रश्नांच्या रूपाने समोर येतात. मुधोळ, भैसा मार्गे निर्मल सुमारे ७० किलोमीटर आहे आणि हा टप्पा सपाट आहे. निर्मलहून चढणारा घाट चौपदरी महामार्गाच्या वाहतुकीत सामील झाल्यामुळे पूर्वीच्या संथ वळणांचा अनुभव आता बाजूच्या रस्त्यांवरच शोधावा लागतो. नेरडिगोंड्याहून कडेम नदीवरील सुमारे ४५ मीटर उंचीच्या कुंटाला धबधब्याकडे फाटा फुटतो, पुढे इच्चोडा, इंद्रवेल्ली, उटनूर असे करीत केरामेरीचा घाट उतरून आसिफाबादला जाता येते. दुचाकीचा माग एक असतो आणि ती खड्डा टाळू शकते. पुढे एक व मागे दोन चाके असलेल्या ट्राइकचे माग तीन असतात, त्यामुळे कच्च्या वाटेवर तिचे पुढचे चाक चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर आणि मागची दोन खोलगटात चालतात, किंवा खोली जास्त असेल तर गाडीचे पोट मातीला घासते. शिवाय ट्राइक वळणावर झुकत नाही, म्हणून घाटात वेग आधीच उतरवून स्वाराला आपले अंग आतल्या बाजूला न्यावे लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ बनावटीत असा बदल करण्यास सामान्यतः मनाई करते आणि सवलत प्रामुख्याने अपंग व्यक्तींसाठी अनुकूल केलेल्या वाहनांना आहे, त्यामुळे या रस्त्यांवर दिसणारी तीन किंवा चार चाकांची दुचाकी बहुधा हौशी पर्यटकाची नसते; बाजूला चाके बसवलेली स्कूटर घेऊन कामावर जाणारा एखादा शिक्षक किंवा दुकानदारच तिच्यावर असतो.

ऋतूच्या बाबतीत आजच्या पर्यटकाने जुन्या प्रवाशाचा नियम उलटा केला आहे. जुना प्रवासी पाऊस टाळीत असे, तर नवा धबधब्यासाठी मुद्दाम जुलै ते ऑक्टोबर निवडतो, आणि त्यामुळे निसरडे खडक, भरलेले ओढे आणि काळ्या मातीचा चिखल या अडचणी पुन्हा वाट्याला येतात. पुष्य अमावास्येच्या सुमारास केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. तिच्यासाठी मेस्राम कुळातील मंडळी जन्नारम भागातील गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात आणि इंद्रवेल्लीकडे जाणारे रस्ते पायी येणारे लोक व बैलगाड्या यांनी भरून जातात. त्या आठवड्यात स्वतःची गाडी इच्चोड्याला ठेवून पुढे राज्य परिवहनच्या बसने जाणे सोयीचे पडते, आणि परतीचा टप्पा जत्रा पांगल्यानंतरच्या दिवसावर ठेवावा लागतो.