विवाहाच्या दाखल्यावाचून

इ. स. १९०६ च्या एप्रिल महिन्यात, रशियातील क्रांतिकार्यासाठी द्रव्यसाहाय्य मिळवावे या हेतूने रशियन लेखक मॅक्सिम गॉर्की अमेरिकेत आला, त्या काळी तेथे जाण्यास आजच्यासारखा व्हिसा लागत नसे. त्यामुळे सोबत आलेली अभिनेत्री मारिया आंद्रेयेवा ही त्याची विवाहित पत्नी आहे किंवा कसे, ही चौकशी कोणत्याही वकिलातीच्या दफ्तरात झाली नव्हती. न्यूयॉर्कने त्याचे अपूर्व स्वागत केले आणि खुद्द मार्क ट्वेन त्याच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस उपस्थित राहिला. परंतु गॉर्कीची विवाहित पत्नी रशियात आहे, हे वृत्त 'वर्ल्ड' या दैनिकाने छापताच हॉटेलांनी उभयतांना बाहेर काढले आणि ट्वेननेही अंग काढून घेतले. जॉन मार्टिन व त्यांच्या पत्नीने आश्रय दिला, म्हणूनच अॅडिरोंडॅक पर्वतातील त्यांच्या घरी 'आई' या कादंबरीचा बराचसा भाग लिहून झाला. लोकापवाद निष्ठुर खराच. पण त्याला निदान एखाद्या उदार गृहस्थाचे दार अडविता येत नव्हते.

अमेरिकेच्या १९२४ च्या कायद्याने व्हिसाची पद्धत कायम केली आणि निवाडा वकिलातीतील अंमलदाराच्या हाती गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी वाग्दत्त वधूंचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा १९४६ च्या कायद्याने सैनिकांच्या नियोजित वधूंना तीन महिन्यांपुरते पाहुणे म्हणून येऊ दिले, मात्र त्या मुदतीत विवाह न झाल्यास परत जाण्याच्या अटीवर. म्हणजे अविवाहित प्रेमाला सरकारदरबारी मान्यता मिळाली, ती लवकरच विवाहित होण्याच्या हमीवर. १९५२ च्या कायद्याने तर प्रत्येक पाहुणा मुळात कायमचा राहण्यासच येत आहे, असे गृहीत धरून ते खोटे ठरविण्याचा भार अर्जदारावर टाकला. याच कायद्याच्या आधारे समलिंगी व्यक्तींना पाहुणे म्हणूनही प्रवेश नाकारला जाई. तो अन्याय १९९० पर्यंत टिकला, आणि सहचरांच्या या इतिहासातील हे प्रकरण मला सर्वांत लज्जास्पद वाटते.

जुलै २००१ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या वकिलातींना कळविले की, दीर्घ मुदतीच्या नोकरीसाठी वा शिक्षणासाठी अमेरिकेत जाणाऱ्याच्या घरात एकत्र राहणाऱ्या अविवाहित जोडीदाराला, मग तो भिन्नलिंगी असो वा समलिंगी, बी-२ हा पाहुण्याचा व्हिसा देता येईल. पुण्याहून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्या अभियंत्याच्या पत्नीस किंवा पतीस एच-४ हा आश्रितांचा व्हिसा मिळतो, परंतु विवाहाचा दाखला नसलेल्या सहचरास तो मिळत नाही. त्याच्यासाठी ही वाट खुली झाली.

तरीही १९५२ चे ते गृहीत आजही या व्हिसाला लागू आहे. आपला संसार खरोखर एकत्र आहे, हे सामाईक भाडेपट्ट्याने नि बँकेच्या खात्याने सिद्ध करावे, आणि त्याच मुलाखतीत, त्या संसारासाठी आपण अमेरिकेत कायमचे राहणार नाही, हेही अंमलदारास पटवावे. ज्या स्नेहासाठी प्रवास करावयाचा, त्याचीच दृढता परतण्याविषयी संशय निर्माण करते, हा पेच २००१ च्या खलित्याने सुटलेला नाही.